पायाखाली वळवळलं की

माझ्या मानगुटीवर दादाच्या पाच बोटांचा नकाशा आहे. मी कराडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे नकाशाची मला कदर आहे. हा नकाशा मात्र मी कधी कुणाला शिकवला नाही.

दादा माझा थोरला भाऊ. फौजेत ट्रक चालवायचा. सुट्टीवर आला की शिराळ्याजवळच्या आमच्या गावात, उसाच्या फडातून जाणाऱ्या पाणंदीवर, चुलत्यांच्या जुन्या जीपवर त्यानं मला गाडी शिकवली. शिकवताना तो बोलत नसे, मारत असे. क्लच लवकर सुटला, चापट. आरसा बघितला नाही, चापट. आरसा बघितला, तर "तोंड बघतोस व्हय रं?" म्हणून आणखी एक. ब्रेकबद्दल त्याचा एकच मंत्र होता. ब्रेक दाबून धरायचा नाही, पंप मारायचा. दाब-सोड, दाब-सोड. दाबून धरलं की चाक जाम होतं, चाक जाम झालं की ट्रक बर्फावरून सरळ दरीत. त्याच्या त्या ट्रकांसाठी हे खरंच होतं. त्या मंत्रानं त्यानं कैक माणसं डोंगरातून जिवंत खाली आणली होती.

माझ्या पायाला मात्र त्याआधीच दुसरं शिक्षण मिळालं होतं. आमचा मुलूख नागांचा. पंचमीला नाग पुजणारी माणसं आम्ही. पण पुजायचा नाग वेगळा आणि पायाखाली आलेला वेगळा. आई सांगायची, "पायाखाली वळवळलं की आदी पाय उचल, मग बघ काय हाय ते." एकदा उसाला पाणी पाजताना खरंच वळवळलं. मी पाय उचलला, एवढा उचलला की पाटात उताणा पडलो. ते जनावर माझ्याकडं न बघता निघून गेलं. मी किंचाळलो म्हणून दादानं मानगुटीवर दिली. तेव्हापासून माझा पाय मला न विचारता निर्णय घेतो.

हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जो कहर झाला तो एका पंप मारणाऱ्या पायानं आणि एका उचलल्या जाणाऱ्या पायानं मिळून केला.

दादा निवृत्त होऊन गावी आला. फौजेनं माणूस परत दिला, पण इंजिन चालूच ठेवून. पहिल्या महिन्यात त्यानं करकरणारं फाटक लाथेनं बिजागरीतून उखडलं. मग चटणी नीट वाटत नाही म्हणून मिक्सर विहिरीत टाकला. मग पाण्याच्या पाळीवरून बांधावर शेजाऱ्याशी जुंपली. शेजाऱ्यानं पाटाचं दारं मोडून पाणी आपल्या सरीत घेतलं होतं. दादानं खोऱ्याचा दांडा घातला. शेजाऱ्याच्या खांद्याचं हाड मोडलं, दादाचे पुढचे दात बांधावरच्या चिखलात राहिले. दोघांनाही चौकीत नेलं. गावातल्या चार म्हाताऱ्यांनी मध्ये पडून मिटवलं. फौजदार म्हणाला, पुन्हा आलात तर मिटवणार नाही, आत घालीन.

दुसऱ्या दिवशी वहिनी एसटीनं कराडला आमच्या घरी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"भावजी, ह्या माणसाच्या हातात ष्टेरिंग द्या. ष्टेरिंग नसलं की हातात दांडा येतो. आता हाड मोडलंय, पुढच्या पाळीला टाळकं फुटंल. मग त्यो आत आन् मी बाहीर. मला न्हाई ते झेपायचं."

सांगलीच्या एका दवाखान्याला रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर हवा होता. फौजी माणूस म्हणून त्यांना दादा पसंत होता. अट एकच: संक्रांतीनंतर नवी गाडी येणार, ती चालवून दाखवायची. भिजवलेल्या जमिनीवर वेगात येऊन कचकन ब्रेक मारायचा, अडथळा चुकवायचा आणि थांबायचं. गाडीला एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे. ते वापरता आलं तर नोकरी, नाहीतर नमस्कार.

"मी शिकवतो," मी म्हणालो. आयुष्यात काही वाक्यं अशी असतात की ती तोंडातून बाहेर पडताना हेल्मेट घालावं.

माझ्या नव्या गाडीत ही दोन्ही यंत्रं होती. शोरूममधला पोरगा समजावत होता तेव्हा मी मान डोलावली होती. न समजता मान डोलावण्यात मी मुरलेला आहे. वर्षानुवर्षं समोरच्या बाकांवरून तेच शिकत आलो आहे. दादाला शेजारी बसवलं आणि शिराळ्याहून कराडकडं निघालो. आधी मी दाखवणार, मग तो करणार.

हंगाम ऐन भरात होता. अवकाळी पावसाचा शिरवा येऊन गेलेला. फडातून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून थापली होती आणि रस्ता तेल लावल्यासारखा झाला होता. वळणापुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर रेंगाळत होता. मागं दिवा नाही, लाल फडकं नाही. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस मात्र भाल्यांसारखा रोखलेला.

"आता बघ," मी म्हणालो आणि जोरात ब्रेक दाबला.

पायाखाली वळवळलं. नुसतं वळवळलं नाही, पेडलनं खालून लाथा झाडल्या. गाडीच्या पोटातून गर्रर्र असा आवाज आला. जिवंत काहीतरी बुटाखाली सापडलं होतं. पायानं आईचं ऐकलं. उचलला.

"पंप मार, पंप!" दादा ओरडला.

मी पंप मारला. दाब-सोड, दाब-सोड. दर वेळी यंत्र काम सुरू करायचं, दर वेळी मी ते हाणून पाडायचो. गाडी ट्रॉलीखाली घुसली.

काच नुसती फुटली नाही, ती आत आली. ऊस आले. एक माझ्या आणि दादाच्या मधून मागच्या सीटच्या गादीत रुतला. दुसरा दादाच्या कानाला घासून गेला आणि जाताना कानाची पाळी फाडून घेऊन गेला. त्याच क्षणी एअरबॅग फुटली आणि माझ्या तोंडावर असा फटका बसला की दादानंच मारली असं वाटून मी, खोटं नाही सांगत, "चुकलं, चुकलं" म्हणालो. तोंडात रक्त, काचेचा चुरा आणि, आईशप्पथ, उसाच्या रसाची गोड चव.

ट्रॅक्टरवाला उतरला. त्यानं दार उघडून मला कॉलर धरून बाहेर ओढलं. "डोळं फुटलं व्हय रं तुझं? एवढी मोठी ट्रॉली दिसंना?"

"मागं दिवा कुठंय?" मी म्हणालो.

त्यानं उत्तरादाखल थोबाडात दिली. तोवर दादा दुसऱ्या बाजूनं आला होता. अर्धा शर्ट रक्तानं भिजलेला, कान लोंबतोय, हातात टपावरचा एक ऊस.

"त्याला मारायचा हक्क माझा हाय," दादा म्हणाला आणि उसाचा फटका ट्रॅक्टरवाल्याच्या बरगडीत घातला. कांडं पेरावर मोडलं. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉलीतून ताजा ऊस उपसला. मग दोघं रस्त्याच्या मधोमध एकमेकांना उसानं सडकू लागले. मोडला की नवा, मोडला की नवा, आणि माल ट्रॉलीभर. मी सोडवायला मध्ये गेलो तेव्हा दोन्हीकडून खाल्ले. शेवटी मागून आलेल्या एसटीतली माणसं उतरली आणि त्यांनी तिघांना तीन दिशांना धरलं. एका म्हातारीनं मला विचारलं, "तुजं कुणाशी भांडान हाय?" मी दोघांकडंही बोट दाखवलं.

दादाच्या कानाला टाके पडले. ट्रॅक्टरवाल्याला दिव्याची लाज होती, आम्हाला ब्रेकची. चौकीपर्यंत कुणीच गेलं नाही. वहिनींनी कान बघितला, मला बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "ह्यास्नी नोकरी लागंपर्यंत तुमी तरी ऱ्हावा जित्तं."

घरी बायकोनं माझ्या फुगलेल्या तोंडाला बर्फ लावला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "पेडल थरथरलं तेव्हा काय केलंस?"

"पाय उचलला."

"का?"

"वळवळलं म्हणून."

ती सांगलीच्या बँकेत आहे, रोज गाडीनं जाऊन येते, तिची गाडी आजवर कुणाच्या बुडाला लागलेली नाही. तिनं बर्फ जरा जास्तच जोरात दाबला. "अरे, ते थरथरणं म्हणजे यंत्र काम करतंय. तुझ्या दादांचा पंप तेच मारतंय, त्यांच्या पायापेक्षा कितीतरी जलद. आपण फक्त पूर्ण दाबायचं, धरून ठेवायचं आणि स्टेअरिंग वळवायचं. चाक जाम होत नाही म्हणून गाडी वळते. आणि चिखलात, खडीवर पुढच्या गाडीच्या एवढ्या जवळ जायचंच नाही. ही यंत्रं टायरला नवा रस्ता देत नाहीत. आहे ती पकड वाया जाऊ देत नाहीत, एवढंच."

"तूच शिकव ना दादाला," मी म्हणालो.

म्हणालो खरा; पण आमच्यात धाकटी भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. महामार्गावर ट्रकला ओव्हरटेक करणारी ही बाई गावची वेस आली की डोक्यावर पदर घेते. दादाही तिच्याशी थेट बोलत नाही. मध्ये माणूस लागतो. माणूस नसला तर भिंत चालते. "कुणाला च्या हवा असंल तर निवतोय," असं ती भिंतीला सांगते आणि दादा भिंतीला "आलो" म्हणतो. दिराच्या शेजारी पुढच्या सीटवर बसणं तर सोडाच.

गाडी दुरुस्त होऊन आली. ठरलं ते असं: दादा चालवणार, मी शेजारी, ही माझ्या मागं. ती मला सांगणार, मी दादाला सांगणार. म्हणजे त्या गाडीतली भिंत मी.

पहिल्याच दिवशी पाणंदीत चाकं रुतली. दादा ॲक्सिलरेटर दाबतो आणि इंजिन दबून येतं. "मेलं रं हे! दम न्हाई ह्यात!" म्हणून त्यानं डॅशबोर्डवर मूठ हाणली, घड्याळ बंद पडलं ते आजही बंद आहे.

मागून आवाज आला, "त्यांना सांग, चाक फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कमी करतं. चिखलातून निघायचं असेल तर तेवढ्यापुरतं बटण बंद करायचं, हळू बाहेर काढायची, आणि डांबर लागलं की लगेच चालू करायचं."

"दादा," मी सांगितलं, "बटण बंद कर, हळू काढ."

गाडी डुलत डुलत बाहेर आली. दादा एवढा खूश झाला की त्यानं मला मारलंच नाही. त्या आनंदात निरोपाचा उरलेला भाग माझ्याकडंच राहिला. ओल्या डांबरावर वळण आलं आणि दादानं फौजेचा ट्रक समजून ॲक्सिलरेटर दाबला. पुढची चाकं भोवऱ्यासारखी फिरली, गाडीनं वळायला साफ नकार दिला आणि आम्ही सरळ बाभळीच्या कुंपणात. काटे टायरमध्ये, काटे बॉनेटवर. खिडकी उघडी होती म्हणून काटे माझ्या दंडात.

"बटण चालू करायचं कुणी सांगितलं न्हाई?" दादानं विचारलं.

"सांगितलं होतं," मागून पदर म्हणाला. कुणाला म्हणाला ते मला कळायच्या आत माझ्या मानगुटीवर चापट बसली होती.

मग ब्रेकचा दिवस. गावाबाहेर बंद पडलेली वीटभट्टी आहे. तिचं मोकळं मैदान, वर टँकरनं मारलेलं पाणी. लाल माती लोण्यासारखी. मधोमध मी शेतातलं बुजगावणं आणून रोवलं. इथं माझ्यातलं कार्टं जागं झालं. दादाचा तो बांधावरचा शेजारी घालतो तसली निळी कानटोपी मी बुजगावण्याला घातली. गंमत म्हणून.

दादा निघाला. वेग घेतला. "ब्रेक!" ही म्हणाली. "दादा, ब्रेक!" मी म्हणालो. दादाचा पाय ब्रेककडं गेलाच नाही. बुजगावणं बॉनेटवर आलं, मडक्याचं डोकं काचेवर फुटलं, टोपी वायपरला अडकली. दादा समाधानानं थांबला.

"हुकलं असतं जरा," तो म्हणाला.

मागच्या दारातून ही खाली उतरली. वायपरची टोपी काढून तिनं लांब फेकली, माझ्याकडं एक नजर टाकली, त्यात कराडचं आमचं सगळं घर पेटलेलं होतं. गाडीतून तिनं वहिनींचं जुनं लुगडं काढलं, जे काच पुसायला आणलं होतं, आणि बुजगावण्याला गुंडाळून ते पुन्हा उभं केलं. आता समोर वहिनी उभ्या होत्या, बिनडोक्याच्या.

दादाचं तोंड उतरलं. "तिला सांग, आसलं करायचं नसतं."

"त्यांना सांग," ही पुन्हा मागं बसत म्हणाली, "रुग्णवाहिकेपुढं कुणाचं तरी कोण तरीच असतं. रिकामी टोपी नसते."

मला दोन्ही सांगावं लागलं नाही. दोघांनी ऐकलं होतं.

पुन्हा निघालो. या वेळी पाय ब्रेकवर पडला, पेडल वळवळलं, आणि दादाचा पाय बर्फात गेला. दाब-सोड, दाब-सोड. "सांग त्यांना, सोडू नका," ही ओरडली. "दादा, सोडू न..." मी म्हणेपर्यंत लुगडं चाकाखाली गेलं होतं. निरोप दोन तोंडांतून जाईपर्यंत गाडी थांबत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. आमच्या घराला त्या सकाळी कळत होतं. पुन्हा उभं केलं. पुन्हा चिरडलं. लुगड्याच्या चिंध्या मातीत रुतल्या. दर वेळी चापट मला. दादा घामानं थबथबला होता. टाक्यांची जागा लाल झाली होती. तो रागावला नव्हता. घाबरला होता. दादाला घाबरलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"माजा पाय माजं ऐकंना," तो म्हणाला. "ह्ये न्हाई जमलं तर काय करू रं मी? बांधावर बसू?"

माझाही पाय माझं ऐकत नाही.

"त्यांना सांग, अजून एकदा," ही म्हणाली. तिचा आवाज वेगळा होता.

ट्रकच्या सवयीनं दादा स्टेअरिंगवर ओणवा बसतो, छाती चाकाला, मान उघडी. वेग घेतला. ब्रेक. वळवळ. गर्रर्र. त्याचा गुडघा वर यायला लागला, आणि आमच्या दोघांच्या मधून एक हात सपकन पुढं आला. बांगड्या वाजल्या. दादाच्या मानगुटीवर अशी चापट बसली की फडातले बगळे उठले असतील.

"पाय उचलायचा नाही, दादा! दाबा! धरा! वळवा!"

धक्क्यानं दादाचा पाय तळापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. पेडल धडधडत होतं, गाडी गुरगुरत होती, आणि त्या गुरगुराटात तिनं नाक वळवलं, बुजगावण्याला हातभर अंतरावरून वळसा घातला आणि थांबली. मागचं चाक घसरलं नव्हतं. फाटक्या लुगड्यातलं ते बिनडोक्याचं सोंग उभं होतं.

मी सवयीनं मान आत घेतली; भिंतीला माहीत असतं, शेवटी खिळा तिच्यातच ठोकतात. आरशात बघितलं तर हिचा पदर खांद्यावर आला होता आणि हात तोंडावर होता. थोरल्या दिराला मारलं! गावात कळलं तर पुढच्या सात पिढ्या सांगत बसल्या असत्या.

दादानं मान चोळली. मग अख्खा वळला, माझ्या डोक्यावरून, थेट तिच्याकडं.

"पुन्ना सांग, पोरी. दाबा, धरा, आन् काय?"

"वळवा," ही म्हणाली.

"वळवा," दादा म्हणाला. आणि मग, बहुतेक हात रिकामा राहू नये म्हणून, त्यानं मला एक दिली. "येवढं सोपं हुतं तर तू का न्हाई सांगितलंस रं?"

सांगलीला दवाखान्याच्या मागच्या आवारात पाणी मारून ठेवलं होतं. आम्ही तिघं भिंतीला लागून उभे. वहिनींनी हिचा हात एवढा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. नवी रुग्णवाहिका आवाराच्या टोकाला दिसली, वाढली, आली. ब्रेक. आम्हाला लांबूनही तो आवाज ऐकू आला, पोटातला गर्रर्र. गाडी सुटली नाही, आडवी गेली नाही. रिकामा पिंप डाव्या अंगाला ठेवून वळली आणि उभी राहिली. वहिनींनी तेव्हा हिचा हात सोडला.

शेजारी बसलेले परीक्षा घेणारे साहेब खाली उतरले. "एकदम व्यवस्थित. फक्त एक विचारतो. ब्रेक मारताना खांदे कानाला का लावता? मानेला काही त्रास आहे का?"

दादानं आमच्याकडं बघितलं. ही पदर सावरून जमिनीकडं बघत होती, जगातली सगळ्यात गरीब भावजय.

"तरास काय न्हाई साहेब," दादा म्हणाला. "मागं कोण बसलंय ते थांबंपर्यंत कळत न्हाई."

साहेबांनी वाकून मागचं रिकामं स्ट्रेचर बघितली आणि सही केली.

घरी आल्यावर वहिनींनी आधी खोऱ्याचा दांडा उपसला, कुऱ्हाडीनं त्याचे तुकडे केले आणि बंबात घातले. पाणी लय कडक तापलं. पहिली आंघोळ मला करायला लावली. सगळ्यात जास्त शेकायची गरज, म्हणाल्या, तुमच्या मानंला हाय.